शेऱ्याचा रकाना

अकरा पडद्यांवर एकच वाक्य उमटले होते, आणि ते शुद्ध मराठीत होते एवढेच काय ते सौजन्य. ‘आपला ब्राउझर कालबाह्य आहे. कृपया अद्ययावत संगणकावरून प्रयत्न करावा.’ गुणमाला चौगुले दारापासून खिडकीपर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी ते अकरा वेळा वाचले. एकतीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईंना उत्तर पुन्हा पुन्हा ताडून पाहण्याची सवय असते. अकराही वेळा उत्तर तेच आले.

शाळा हिंगणवाडीची. हिंगणवाडी कृष्णाकाठी, सांगलीपासून एसटीने पाऊण तासावर. शाळेला संगणकाची एक खोली होती आणि त्या खोलीला गुणमालाबाई होत्या. परिपत्रक श्रावणात आले. प्रत्येक शाळेने आपल्या संगणक खोलीची स्वयंघोषणा नव्या संकेतस्थळावर भरावी, ती त्याच खोलीतल्या यंत्रांवरून भरावी, प्रत्येक यंत्राची वेगळी भरावी. ज्या यंत्रावर संकेतस्थळ उघडणार नाही ते निर्लेखनास पात्र, म्हणजे भंगारात. निम्म्याहून अधिक यंत्रे भंगारात निघाली की खोली बंद, आणि तिथल्या विद्यार्थिनी चौदा किलोमीटरवरच्या केंद्रशाळेला ‘संलग्न’. हा शब्द ज्याने योजला त्याने एवढीही चौकशी केली नव्हती, की केंद्रशाळेतला टंकलेखनाचा वर्ग साडेपाचला सुटतो आणि तिथून हिंगणवाडीला येणारी शेवटची एसटी पाचला. त्या वर्षी गावातल्या एकोणीस मुली टंकलेखनाच्या परीक्षेला बसणार होत्या. खोली बंद झाली तर त्यांतल्या एकीलाही घरचे लोक तिकडे पाठवणार नव्हते, हे बाईंना एकेकीच्या वडिलांच्या नावानिशी ठाऊक होते.

यंत्रे जुनी होती, हे कुणी नाकारत नव्हते. एका साखर कारखान्याच्या कार्यालयाने नवी घेतली तेव्हा जुनी शाळेला देऊन टाकली, त्यालाही तेरा वर्षे झाली. एकोणीसच्या पुरात पाणी शाळेच्या पायरीला लागले, तेव्हा गावाने आधी गुरे हलवली, मग धान्य, आणि मग, बाई पायरीवरून हलेनात म्हणून, ही अकरा यंत्रे खांद्यावरून जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, माडीवर पोचवली. पुढे बाईंनी एकेकाची रॅम वाढवली, घरघरणाऱ्या हार्ड डिस्क बदलल्या. आतला नाण्याएवढा सेल संपला की यंत्र रोज सकाळी दोन हजार नऊ सालच्या एक जानेवारीलाच जागे होते आणि मग एकही सुरक्षित संकेतस्थळ त्याला दारात उभे करीत नाही, ही गोष्ट उमगायला त्यांना एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली होती. नवी कार्यप्रणाली घालावी, तर मुली ज्या प्रोग्रामवर मराठी टंकलेखन शिकत तो जुन्या प्रणालीवरच चाले, आणि तो विकणारी कंपनी विकून झाल्यावर अंतर्धान पावली होती.

मोठ्या कंपन्यांनी त्या जुन्या प्रणालीसाठी ब्राउझर काढणे कधीच थांबवले होते. यंत्र धडधाकट असताना त्याच्या वाटचे जग एका निवेदनाने बंद करता येते, हा शोध आपल्याच काळाचा. पण बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, प्रीती मगदूम, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये होती. तिने सांगितले की कोणी परके, बिनपगारी लोक आजच्या ब्राउझरचे इंजिन घेऊन ते जुन्या प्रणालीवर बसते करतात आणि फुकट देतात.

“हे कोण करतं गं? आणि कशासाठी?” बाईंनी फोनवर विचारले होते.

“स्वतःचं चालू मशीन फेकवत नाही म्हणून करतात, बाई. तुमच्यासारखीच खोडीची माणसं.”

ती खोडीची माणसे कुठल्या देशात राहतात हे बाईंना शेवटपर्यंत कळले नाही. त्यांचा ब्राउझर मात्र अकराही यंत्रांवर बसला. उघडायला वेळ घेई, पण उघडे. बँकेची पाने उघडत, विद्यापीठाची उघडत, परदेशातली ग्रंथालये उघडत. त्या सगळ्या पसाऱ्यात न उघडणारे संकेतस्थळ एकच निघाले, आणि त्यावर भरायचा होता सात रकान्यांचा एक फॉर्म, जो टाइपरायटरवर बडवून पोस्टाने पाठवता आला असता.

परिपत्रकाला पंधरा दिवस होत नाहीत तोच विट्याहून नाथाजी आला. विट्याचे लोक गावोगाव गलाईची, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याची, दुकाने घालतात. नाथाजीचे कोइमतूरला होते, पण अलीकडे तो जुन्या संगणकांचे बोर्डही घेत असे. त्याने चपला बाहेर काढल्या, पाणी मागितले, यंत्रांकडे आदराने पाहिले.

“बाई, निर्लेखन झालं की पयला फोन मला करा. बोर्डात सोनं असतंय. कणभर का हुईना, आमी काढतो. ऱ्हायलेलं शिरवळला जातं, तिथं चुरा करत्यात.”

यंत्रे चालू आहेत, असे बाईंनी त्याला सांगितले.

“चालू हायत? मग तर लय बरं. चालू बोर्डाला गंज नसतो.”

तो वाईट माणूस नव्हता. आपण कशाचे माप घेतो आहोत हे न समजता माप घेणारा एक कारागीर होता. बाईंना राग आला तो त्याला बातमी कुठून लागली याचा. शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनी परिपत्रक अजून वाचलेही नव्हते, आणि विट्यात ते पोचले होते.

त्या शनिवारी प्रीतीने पुण्यातून ते संकेतस्थळ उघडून त्याच्या आतला कोड पाहिला. दहा मिनिटांनी तिचा फोन आला तेव्हा ती हसत होती. बाईंनी तिला हसणे आवरायला सांगितले.

“बाई, ते काही तपासतच नाही. तुमच्या ब्राउझरला पान दाखवता येतं का, फॉर्म चालतो का, काही नाही. दारात फक्त नाव विचारतं. कार्यप्रणालीचा आकडा दहापेक्षा कमी दिसला की बाहेर. तुमचा येतो सहा पूर्णांक एक.”

“आमची प्रणाली तर सातवी.”

“सातवी स्वतःला सहा पूर्णांक एक म्हणवते. आणि अकरावी दहा म्हणवते. ते तसंच आहे, विचारू नका.”

“म्हणजे नाव बदललं तर?”

“तर उघडेल. ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये एक ओळ घालायची. मी पाठवते.”

बाईंनी ओळ घेतली, पण घातली नाही. आधी त्यांनी ती वाचली. ब्राउझर दर दारात आपली ओळख म्हणून जी ओळ उच्चारतो ती एखाद्या संस्थानिकाने भाटाकडून लिहवून घेतलेल्या वंशावळीसारखी होती. आजचा सर्वांत खपाचा ब्राउझर आरंभी एका केव्हाच्या मेलेल्या ब्राउझरचे नाव लावतो, मग दुसऱ्या एका कंपनीच्या इंजिनाचे, मग आपण तिसऱ्या कुणा‘सारखे’ आहोत असे सांगतो, मग स्वतःचे नाव घेतो, आणि शेवटी, कुणी अजूनही शंका घेऊ नये म्हणून, एका प्रतिस्पर्ध्याचे. कारण बाईंनी शोधून काढले. तीस वर्षांपूर्वी संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी दारात नाव विचारायला सुरुवात केली आणि एका विशिष्ट नावालाच आत घेतले. बाहेर राहिलेल्यांनी ते नाव लावले. मग त्यांच्यानंतर आलेल्यांनी त्यांचे. योग्यता कुणाचीच कुणी तपासली नाही. जिथे दार माणसाला काय येते हे न पाहता तो कुणाचा हे विचारते, तिथे काय पिकते हे समजायला बाईंना संगणकाची गरज नव्हती. त्यांच्या देशात हा प्रयोग दोन हजार वर्षे चालला होता.

पण बाईंची अडचण वेगळीच होती, आणि ती ऐकून दुसऱ्या कुणाही शिक्षकाने कपाळाला हात लावला असता.

मागल्या वर्षी एका दिगंबर मुनींचा चातुर्मास हिंगणवाडीच्या बस्तीत झाला होता. चातुर्मासात लोक महाराजांपुढे श्रीफळ ठेवून नियम घेतात. कोणी बटाटा सोडतो, कोणी सूर्यास्तानंतरचे पाणी, कोणी सासूशी भांडण. बाईंनी उठून सांगितले, सहीनिशी खोटे लिहून देणार नाही. सभेत कुजबुज झाली, कारण सभेत सात शिक्षक होते. पटावरची हजेरी, शिजलेल्या खिचडीची ताटे, न झालेल्या सभांची इतिवृत्ते, या सगळ्यावर सह्या करीत त्यांची हयात गेली होती, आणि बाईंचीही. घरी आल्यावर त्यांचे यजमान तवनाप्पा बैलाला चारा टाकता टाकता म्हणाले होते, “लोकं बटाटा सोडत्यात. हिनं सही सोडली.”

वर्षभर नियम पाळला गेला. त्यापायी बाईंचे मुख्याध्यापकांशी वाजले, केंद्रप्रमुखांशी वाजले, आणि शाळेच्या शासकीय आकड्यांत अचानक एक अशोभनीय खरेपणा शिरला. आता ही ओळ.

“ब्राउझरनं खोटं नाव सांगितलं तर ते माझं खोटं होतं का?” त्यांनी तवनाप्पांना विचारले.

“आवं, ते सगळंच नाव बदलून फिरतंय म्हंता, मग तुमचंच तेवढं उघड्या डोक्यानं कशापायी जायाचं?” बायको अभ्यासाचे बोलू लागली की तवनाप्पा थट्टेने तिला आवं-जावं करीत.

उत्तर थट्टेतले असले तरी युक्तिवाद म्हणून ते पक्के होते. जी ओळ सगळे जग रूढी म्हणून उच्चारते आणि ऐकणाराही खरी मानत नाही, ती साक्ष नव्हे, शिष्टाचार आहे. पत्राखाली ‘आपला नम्र’ लिहिणाऱ्याची नम्रता कोणी मोजत नाही. ओळ घालण्यात नियमभंग नव्हता, असे बाईंनी ठरवले. पण फॉर्मच्या तळाशी त्यांची सही होती, आणि सहीच्या वर छापले होते, ‘वरील माहिती सत्य असून त्यात काहीही दडवलेले नाही.’ तिथे शिष्टाचार संपत होता.

फॉर्मचा सातवा रकाना ‘शेरा’. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे हे नवा शिक्षक पहिल्या आठवड्यात शिकतो. तिथे ‘निरंक’ लिहायचे. शेऱ्याचा रकाना शेऱ्यासाठी नसतो, तो कोरा राहिला नाही हे दाखवण्यासाठी असतो. गुणमालाबाईंनी तिथे शेरा लिहिला.

त्यांनी लिहिले की हे यंत्र सदर संकेतस्थळ पूर्णपणे उघडू शकते, आणि हा फॉर्म त्याचा पुरावा आहे. संकेतस्थळ क्षमता तपासत नसून केवळ प्रणालीचे नाव वाचते. ते नाव बदलून सांगितल्यावर कोणतीही अडचण आली नाही. सबब नावाची ही अट निराधार असून तीवर आधारलेले निर्लेखन रद्द व्हावे. अकरा यंत्रांवर अकरा फॉर्म, प्रत्येकावर हाच शेरा, प्रत्येक वेळी नव्याने टाइप केलेला, कारण उतरवून चिकटवणे त्यांना गैर वाटले.

त्यांनी हे प्रीतीला फोनवर सांगितले.

“बाई, तुम्ही कबुलीजबाब लिहून दिलात.”

“मी दोष दाखवला आहे.”

“त्यांना दोष नको असतो. त्यांना हिरवी खूण हवी असते.”

भाद्रपदात जैनांचे दशलक्षण पर्व सुरू झाले, दहा दिवसांचे, रोज एका गुणाचा दिवस. पर्वाच्या सातव्या दिवशी विस्तार अधिकारी हंबीरराव शाळेत आले. सत्याचा दिवस दोन दिवसांपूर्वी होऊन गेला होता. बाईंना उपवास होता. पाणीही नव्हते. त्यांनी साहेबांसाठी चहा मागवला आणि समोर बसून त्यांना तो पिताना पाहिले.

हंबीरराव निवृत्तीला आलेले, सभ्य, थकलेले गृहस्थ होते. ते यंत्रांपुढे बसले. स्वतः संकेतस्थळ उघडले, स्वतः एक खोटा फॉर्म भरून पुसला, दोन यंत्रांवर तेच करून पाहिले. सगळे चालले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी सांगितले ते असे. तालुक्यात त्रेपन्न शाळा. पैकी बावन्नांचे फॉर्म हिरवे झाले. कुठे मुख्याध्यापकाच्या मुलाच्या मोबाइलवरून भरले, कुठे सांगलीच्या नेट कॅफेतून, आणि नऊ ठिकाणी बाईंनी केले तेच करून. तीन ठिकाणी तर संगणकच नाहीत, पण फॉर्म हिरवे आहेत. सगळ्यांच्या शेऱ्यात निरंक. वरून यादी आली ती एका शाळेची, आणि तिच्यासमोर लिहिले होते, ‘शासकीय प्रणालीस चुकीची ओळख पुरवल्याची स्वतःहून कबुली’. अकरा यंत्रे निर्लेखनास पात्र. खोली महिनाअखेर बंद करावी.

“तुमच्या कार्यालयातल्या संगणकावर उघडतं का?” बाईंनी विचारले.

“न्हाई. आमी मोबाइलवरनं करतो.”

“मग कार्यालय कधी बंद करणार?”

हंबीररावांना हसू आले आणि त्यांनी ते चहात बुडवले. ते म्हणाले की आपण बाईंच्या बाजूचे आहोत, म्हणूनच स्वतः आलो. आपल्या लॉगिनमधून ते फॉर्म तासाभरासाठी पुन्हा उघडून देता येतील. नाव जे बदलले ते तसेच राहू द्या, त्याची कोणाला पर्वा नाही. फक्त शेरा.

“निरंक घाला, बाई. अकरा ठिकाणी. खोली वाचती.”

“सहीच्या वर लिहिलं आहे की काही दडवलेलं नाही. शेरा काढला की ते खोटं होतं.”

“निरंक म्हंजे खोटं न्हवं, बाई. निरंक म्हंजे काय सांगण्यासारखं न्हाई.”

“मला आहे.”

“ते मला सांगितलंत की. मी ऐकलं. आता सरकारला कशाला सांगताय?”

हे वाक्य त्यांनी चेष्टेने म्हटले नव्हते. ते त्यांचे चौतीस वर्षांचे शहाणपण होते, आणि या थंड, निर्मळ, मायेने दिलेल्या शहाणपणाने गुणमालाबाईंच्या अंगात जे पेटले त्याला राग म्हणणे अपुरे होते. चोर त्यांनी पाहिले होते, आळशी पाहिले होते. त्यांच्याशी भांडता येते. या माणसाशी भांडता येत नव्हते, कारण तो त्यांना वाचवत होता. तो वाचवत होता अशा एका व्यवस्थेपासून, जिला खोटे आवडत होते असेही नाही. ती खरे आणि खोटे यांकडे सारख्याच डोळ्याने पाहत होती. तिला रकान्यात एक ठराविक शब्द हवा होता. नसलेले संगणक तिला चालत होते. असलेले, चालणारे, पुरातून खांद्यावर आलेले संगणक तिला चालत नव्हते, कारण त्यांच्याबद्दल कोणीतरी एक वाक्य लिहिले होते.

बाईंनी हिशेब मांडला. त्यात त्यांना वाक्ये लागली नाहीत. एका बाजूला एक नियम होता, महाराजांपुढे घेतलेला. तो मोडला नाही तर त्या स्वतःच्या नजरेत उजळ राहणार होत्या, आणि त्या उजळपणाची किंमत एकोणीस मुली देणार होत्या, ज्यांनी कसलाही नियम घेतला नव्हता. पुढच्या महिन्यापासून साडेपाचला सुटणाऱ्या वर्गातून कोण कसे परतणार हे कोणत्याही व्रताच्या पोथीत लिहिलेले नव्हते. नियम त्यांचा होता. खोली त्यांची नव्हती.

“उघडा,” त्या म्हणाल्या.

हंबीररावांनी मोबाइल काढला, दोनदा पासवर्ड चुकवला, तिसऱ्यांदा लागला. बाई पहिल्या यंत्रापुढे बसल्या. आपला शेरा त्यांनी शेवटच्या अक्षरापासून मागे मागे पुसत नेला. सगळा निवडून एकदम पुसता येतो हे त्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवीत. मग निरंक. मग सही. मग शेजारची खुर्ची. अकराव्या यंत्रावर पोचेपर्यंत हंबीरराव खिडकीशी उभे राहून बाहेर उसाकडे पाहत होते. पडद्यांवर एकामागून एक हिरवी अक्षरे आली: ‘धन्यवाद. आपले यंत्र अद्ययावत आहे.’ यंत्रांत तासाभरापूर्वीपेक्षा काहीही बदललेले नव्हते.

“शाणपणा केलासा, बाई,” जाताना साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर हलका झाला होता.

“साहेब, तो शेऱ्याचा रकाना काढून टाका. उगाच माणसाला वाटतं की काही लिहावं.”

“काढता येत न्हाई. नमुन्यात हाय.”

पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी बाई रिवाजाप्रमाणे घरोघर गेल्या, हात जोडले, वर्षभरात कळत नकळत दुखावले असल्यास क्षमा मागितली आणि दिली. जिच्याशी पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षे अबोला होता त्या जावेलाही दिली. दुपारी मोबाइलवर हंबीररावांचा संदेश आला. कमळाचे चित्र, खाली ‘उत्तम क्षमा’. ते जैन नव्हते. सगळ्यांना पाठवायचे तसे पाठवले होते. बाईंनी उत्तराला बोट लावले आणि काढून घेतले. तवनाप्पा ओसरीवरून पाहत होते.

“द्या की उत्तर. बिचाऱ्यानं खोली वाचवली.”

“म्हणूनच देववत नाही.”

महाराजांचा चातुर्मास यंदा साताऱ्याला होता. पुढच्या रविवारी बाई पहाटेच्या एसटीने निघाल्या आणि दहाच्या सुमाराला पोवई नाक्यावर उतरल्या. बस्तीच्या सभागृहात महाराज लाकडी पाटावर बसले होते. बाईंनी दुरून ‘नमोस्तु’ म्हणून वंदन केले आणि श्रीफळ न ठेवताच बोलायला सुरुवात केली. घडले ते सगळे सांगितले, काही न गाळता. ब्राउझर म्हणजे काय हेही सांगावे लागले. महाराज बेळगावकडचे, त्यांच्या मराठीला कानडीचा झोका होता. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

“लिहिलं ते जाणून लिहिलं?”

“जाणून. अकरा वेळा.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग सांगितले की नियम मोडला आहे, दुसऱ्यांसाठी मोडला तरी मोडलाच. प्रायश्चित्त म्हणून तीन एकाशने करावीत, तीन दिवस रोज एक माळ जप, आणि नियम पुन्हा घ्यायचा असल्यास घ्यावा. बाईंना ते फार थोडे वाटले. अकरा खोट्या सह्यांना तीन दिवस एक वेळचे जेवण, हा भाव शासनाच्या दरानेही स्वस्त होता. तरी त्यांनी तो मान्य केला. आता त्यांनी श्रीफळ ठेवले.

“पुन्हा घेते. शब्द तेच.”

महाराजांनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. बाई उठल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून महाराज म्हणाले की सांगताना तुमचा आवाज एकदाही चढला नाही, पण त्यात क्रोध आहे, आणि तो त्या अधिकाऱ्यावर नाही, त्याहून मोठ्या कशावर तरी आहे. तो कषाय आहे, जिवाला चिकटतो. त्याचे प्रायश्चित्त वेगळे असते. तेही आजच घेऊन जा.

“ते नको, महाराज.”

सभागृहात आणखी चारपाच माणसे होती. त्यांनी माना वळवल्या. महाराजांपुढे कोणी काही नको म्हणत नसे.

“का?”

“पुढच्या श्रावणात पुन्हा परिपत्रक येईल. तेव्हा नियम असेल, मुली असतील, आणि पुन्हा कोणीतरी चांगला माणूस मला वाचवायला येईल. क्रोध आत्ता टाकला तर तोवर मला निरंक लिहायची सवय होईल.”

 महाराजांनी पिच्छी पाटावर ठेवली आणि पुढच्या माणसाकडे पाहिले. बाईंनी पुन्हा वंदन केले, बाहेर येऊन चपला घातल्या आणि सांगलीची दोनची गाडी धरली. सोमवारी सकाळी साडेसातला खोली उघडायची होती, आणि किल्ली त्यांच्याकडे होती.